पाचवा मजला

फोन तिसऱ्यांदा वाजला. स्क्रीनवर उज्ज्वलाचं नाव होतं, धाकट्या भावाच्या बायकोचं. सुषमा मान खाली घालून मांडीवरच्या, शेठकडून मजुरीवर आणलेल्या साडीला टिकल्या चिकटवत राहिली.

“उचल ना वं,” समोर बसलेली शेजारीण कलाबाई म्हणाली. “खाई जाई का ती तुले?”

“वाचं व्हई तिनं.”

“मंग? लिखताना समजनं नई का, लोके वाचतीन?”

हाच सवाल सुषमा आठ दिवस स्वतःला विचारत होती. समाजाच्या स्मरणिकेसाठी ‘सुरतेत आमची प्रगती’ या विषयावर एक पान लिहून द्यायचं होतं. प्रगतीच्या चार ओळी झाल्या आणि पेन अडलं. मग तिनं खरं होतं ते लिहिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेच्या लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसतात आणि थापा मारतात. तिची थाप जरा उंच होती, एवढंच. पाचव्या मजल्यावर फ्लॅट, खाली वॉचमन, बटण दाबलं की लिफ्ट. प्रत्यक्षात डिंडोलीत भाड्याची एक खोली आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास. ‘दर आखाजीला मी माहेरी एक घर घेऊन जाते आणि निघताना ते तिथंच ठेवून येते,’ असं तिनं लिहिलं. संपादक सुपडू आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि एक शब्दही न बदलता ते पान छापलं.

सुरतेत त्या पानाचं कौतुकच झालं. उधन्याहून, पांडेसऱ्याहून अनोळखी बायकांचे फोन आले. एकीनं लूमवर मजुरी करणाऱ्या नवऱ्याला गावी सांगताना मॅनेजर करून ठेवलं होतं. एक नुसतीच रडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा सुषमाला या शहरात आपली माणसं आहेत असं वाटलं होतं.

पण काल स्मरणिकेचा गठ्ठा गावी पोहोचला, आणि गावी उज्ज्वला होती. आई गेल्यापासून सुषमाचं माहेर म्हणजे उज्ज्वलाच. चुलीपुढं घामाघूम होऊन ती दर आखाजीला नणंदेसाठी मांडे करायची, आणि तेच खाताखाता सुषमा तिला लिफ्टच्या गोष्टी सांगायची. आता त्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं, हे सुषमाला कळत नव्हतं.

फोन चौथ्यांदा वाजला. कलाबाईला दम निघेना. तिनंच बटण दाबलं, स्पीकर चालू केला आणि फोन सुषमाच्या पुढ्यात ठेवला.

“आक्का, तुम्हनं पान वाचं मी,” उज्ज्वला म्हणाली. “दोन येळा वाचं.”

“चुकनं मनं, उज्ज्वला. इतला वरीस तुले खोटं सांगं मी.”

“ते ऱ्हाऊ द्या. मी बी एक सांगस.” ती एका दमात बोलून गेली. “दोन साल पहिले आम्ही सुरतले येल व्हतूत. तुम्हना भाऊना डोयाना ऑपरेशनले. तीन रात दवाखानाना व्हरांडामा झोपनूत.”

“सुरतले? आनि मना घर नई उनात?”

“ते म्हने, आक्काले फोन करू. मीच नको म्हनी. तुम्हनं लिफ्टनं घर, आम्हना पायले चिखल. चार लोकेसमा तुम्हले कमीपना वाटी, आसं वाटनं माले.”

डोळ्यांचा कोणता दवाखाना, हे सुषमानं कसंबसं विचारलं. उज्ज्वलानं सांगितलं. साड्यांचं गाठोडं आणायला सुषमा आठवड्यातून दोनदा त्याच व्हरांड्यासमोरून जायची.

तिला रडू फुटलं. थोपवायला गेली तसं ते आणखीच उसळलं. कलाबाईनं झटकन तिच्या मांडीवरची साडी ओढून घेतली. डाग पडला असता तर शेठनं साडी परत पाठवली असती.

“रडू नका, आक्का. आयका तर खरं,” उज्ज्वला म्हणाली. “पुढला महिनामा दुसरा डोया करना शे. म्हनीसन तर सकायपासून फोन करी राह्यनी. गोधड्या आम्ही लई येसूत. तुम्हना त्या एक खोलीमा जागा व्हई ना?”

“व्हई,” सुषमा म्हणाली. “व्हई वं. या.”

पुढचा महिना लागायला अजून अठरा दिवस होते. फोन ठेवल्याबरोबर सुषमा उठली आणि खोलीभर पसरलेल्या साड्या भिंतीकडे सरकवू लागली.