सेल घालण्याआधी

लॅबवाल्या बाईंनी बारावा रोबो टेबलावर रांगेत ठेवला आणि सेलची डबी उघडली. टूथब्रशचं कापलेलं डोकं आणि त्याच्या पाठीवर जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर, एवढाच एकेक रोबो. सेल घातला की मोटर थरथरते आणि ब्रशचे तिरके केस त्याला पुढे ढकलतात. पेपर संपला की मुलांसाठी त्यांची शर्यत लावायची होती.

पहिला सेल अजून बाईंच्या चिमटीतच होता, आणि रोबो चालू लागले. बाराच्या बारा, एकाच दिशेने.

बाई बघतच राहिल्या. वाऱ्याने असेल म्हणून त्यांनी पंखा बंद केला. ट्रक गेला असेल म्हणून खिडकीतून डोकावल्या. रस्ता रिकामा होता. वळून पाहतात तर रोबो आणखी बोटभर पुढे सरकलेले. पायाखाली काहीच जाणवत नव्हतं. मग त्यांनी टेबलावर तळहात टेकवला. टेबल बारीक थरथरत होतं.

त्या जिना उतरून घंटेपाशी धावल्या, तर मुख्याध्यापक आडवे आले.

"बाई, पेपर चालू आहे."

"जमीन हलतेय, सर."

"मी इथेच उभा आहे ना? मला नाही कळलं ते?"

"तुम्ही सत्तर किलोंचे आहात, सर," बाई म्हणाल्या आणि त्यांना बाजूला सारून घंटा बडवू लागल्या.

मुलं हातातली पेनं तशीच घेऊन मैदानात आली. सगळ्यांत शेवटी मुख्याध्यापक आले, रागाने लालबुंद.

"आता या पेपरचं काय करायचं, ते तुम्हीच..."

वाक्य तोंडातच राहिलं. जमीन एकदम कुणीतरी ओढून घेतल्यासारखी सरकली आणि शाळेचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला.

धूळ खाली बसली. मुख्याध्यापक मुलं मोजू लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"सगळी आहेत," ते म्हणाले आणि इस्त्रीच्या पँटनिशी मातीत बसले.

पहिलीतली एक मुलगी बाईंचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती.

"बाई, अजून हलतंय."

"नाही गं बाळा, ते थांबलं," बाई म्हणाल्या. "ही मी."