सेमीकोलन

दोघं प्रोग्रामर, टेबलाला टेबल लागून. कोणाची प्रोग्रामिंगची भाषा भारी, यावरून जन्मभर भांडले. याच्या भाषेत ओळीच्या शेवटी सेमीकोलन लागत नसे, मित्राच्या भाषेचं त्यावाचून पान हलत नसे.

“लेका, ओळ संपली की सेमीकोलन दे! घराबाहेर पडतानाही दार सताड उघडं टाकतोस का?” मित्र रोज करवादायचा.

“आमची दारं आपोआप लागतात,” हा खिजवायचा.

गेल्या महिन्यात मित्र झोपेतच गेला. शेजारी खुर्ची तेवढी उरली.

आज नव्या मुलीने याचं काम तपासलं आणि ती बुचकळ्यात पडली. “सर, आपल्या भाषेत लागत नाही, तरी ओळीओळीला सेमीकोलन कशाला?”



“असू दे गं. दार उघडं राहिलं की ओरडतो तो.”