काचघरातला चारा

"फोडायचीच होती तर कोपऱ्यातली तडकलेली फोडायची. चांगली काच कशाला फोडली मेल्याने?" सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

तेवढ्यात दुसरी फुटली. गोठेवाला पहार घेऊन काचघराला भिडला होता. त्याची गाय सकाळी मेली होती, आणि ती खात होती सुनेच्या घरच्यांनी याच काचघरात पिकवलेला चारा. सुनेचा नवरा फावडं घेऊन धावला. फावड्याचा दांडा गोठेवाल्याच्या कानशिलावर बसला, पहारेचा तडाखा नवऱ्याच्या तोंडावर. काचांच्या चुऱ्यात दोघांचं रक्त सांडलं.

"विष आहे तुझ्या चाऱ्यात. सगळं काचघर पाडतो बघ," गोठेवाला ओरडला.

"विष निघालं तर मीच पाडतो. चल, फाड गाय."

पावसाने पाठ फिरवलेली, बाहेरचं रान भाजून निघालेलं. काचघर गेलं की चूल गेली. शेजारच्या चुनाभट्टीतला कार्बन डायऑक्साइड नळीने आत सोडला, की चारा थोडक्या पाण्यावरही छातीला लागायचा. पीक असं माजलेलं बघून नवरा म्हणाला होता, आता खत कशाला? गोठ्यातून येणारं शेण त्याने बंद केलं. पुढे पानं फिकी पडू लागली. घरात ती सगळ्यांना दिसली, आणि सगळे उन्हाबद्दल बोलत राहिले.

बोलावून आणलेल्या खाटकाने गोठ्याच्या दारातच गाय उभी चिरली. पोट बाहेर ओघळलं. गच्च, चाऱ्याने भरलेलं. त्याने वास घेतला, काळीज उलटंपालटं करून पाहिलं. "विष नाही."

नवरा फुटक्या ओठाने हसला. "बघ. तट्ट जेवलेली गाय आहे. आता काचा बसवून दे गुमान."

गोठेवाल्याने त्याचा गळाच धरला. दोघे गाईच्या रक्तात घसरून पडले, तरी पकड सुटेना. नवऱ्याचे डोळे पांढरे होऊ लागले. खाटीक मात्र मान खाली घालून बोटांनी आत चाचपत होता.

"चरबीचा कण नाही कुठे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "एवढं खाल्लं, पण अंगी लागलंच नाही."

गोठेवाल्याचे हात सैल पडले. "गव्हाण कधी रिकामी ठेवली नाही मी," तो म्हणाला.

सासूबाईंनी सुनेचा दंड आवळला. "तू गप बस हं."

सुनेने दंड सोडवून घेतला. रक्तातून वाट काढत ती गोठेवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, आम्ही मातीला काही घातलंच नाही. नुसत्या हवेवर कस नसलेला चारा फुगवला आणि तुम्हाला दिला. पोटभर खाऊन उपाशी मेली ती. आम्हीच मारली."