सात माकडं

सापगावच्या कोंडूआजोबांना लक्ष कसं टिकतं हे पाहणाऱ्या प्रयोगात मिळणार होता फक्त एक चहा. नात प्रियांकाने बजावलं होतं, "लॅपटॉपवर सरकणारे लाल ठिपकेच मोजायचे. नजर हलली तर सगळं फुकट." आजोबा अंगणात ठिपके मोजत बसले आणि मांडवावरच्या काकड्या माकडांनी नेल्या.

आजी सकुबाई भडकली. "अवो, समोरून गेली, तुमाला दिसली नाय?"

"आजी, लक्ष एका जागी असलं की मेंदूत बाजूची हालचाल पुसट उमटते. माकडांच्या मेंदूतही तसंच होतं," प्रियांकाने बाजू घेतली.

सकुबाई आत गेल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "सात होती गो. पन हललो असतो तर तुजा अभ्यास बुडाला असता."

म्हणजे लक्ष माकडांवरच होतं! प्रियांकाने त्यांचा ठिपक्यांचा आकडा गुपचूप खोडला. आजीच्या काकड्या गेल्या, नातीचा प्रयोग गेला. आजोबांना चहा मात्र दोनदा मिळाला: एक नातीचा, ठरलेला; दुसरा 'बिचाऱ्यांना दिसलंच नाय' म्हणून आजीचा.