राणी रंगाचं दार

गोडादरा या कामगारवस्तीतल्या त्या चाळीत सगळ्यांची दारं हिरवी होती. दिवाळीआधी कलाबाईनं आपलं दार आणि चौकट भडक राणी रंगानं रंगवून घेतली.

संध्याकाळी कापडाच्या लूमवरची पाळी संपवून तिचा नवरा दगा घरी आला आणि उंबऱ्यापाशीच थबकला.

"हा काय रंग झाला? घर आहे का तमाशाचा तंबू? लोकं हसतील."

"हसू द्या. मला आवडला," ती म्हणाली.

खरं कारण तिच्या ओठांवर आलं नाही. गेल्या आठवड्यात तो कामावरून येऊन शेजारच्या सरस्वतीच्या ओट्यावर बसला होता आणि "कला, पाणी आण," म्हणून हाका मारत राहिला होता. सरस्वतीनं ते हसत हसत सांगितलं. कलाबाईला मात्र हसू आलं नाही. माणूस थकलाय, त्याला कशाला लाजवायचं, असं मनाशी म्हणून तिनं दारच रंगवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दगा आला, तो चपला न काढताच दारात बसला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बरं केलंस रंगवलंस ते," तो खालमानेनं म्हणाला. "आज गल्लीत कुणाला माझं घर विचारावं लागलं नाही."