खडक हाय खाली

जोएल अंदमानात पर्यटकांना प्रवाळ दाखवायला समुद्राखाली न्यायचा. २००३च्या मे महिन्यात तो सुट्टीवर पाचूबंदरला आला आणि बस्त्याव काकाबरोबर मासेमारीला गेला. बोटीवर दोघंच होते. भरसमुद्रात जाळं तळाशी अडकलं, तशी जोएलने सोबत आणलेली हवेची टाकी पाठीला बांधली.

“जाव दे रे, जालं तोडून टाकू. पानी गढूळ हाय,” काका पुन्हा पुन्हा म्हणत होता. जोएलने ऐकलं नाही.

खाली हातभर अंतरावरचंही धड दिसत नव्हतं. जाळं एका बुडालेल्या बोटीत गुंतलं होतं. तिच्या नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकावर, कोरलेली अक्षरं त्याने हाताने चाचपली. रोझलीन. आईचं नाव.

बारा वर्षांपूर्वी वादळात बुडालेली बाबाची बोट. काका तेवढा पोहत परतला होता. बाबाला लाटेने डोळ्यांदेखत ओढून नेलं, असं त्याने रडत रडत सांगितलं होतं.

केबिनचं दार बाहेरून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेलं होतं.

वर आल्यावर जोएल कसाबसा एवढंच बोलला, “खडक हाय खाली, काका. जालं तोडून टाक.”

त्याला बोटीवर घ्यायला काकाने हात पुढे केला नाही.



“दार उघडलंस काय?” काकाने विचारलं.