उजवा गुडघा

"पाय पुढे करा," बायको म्हणाली आणि पोस्टमननं उजवा पाय पुढे केला.

कोमट तेलाची वाटी स्टुलावर होती. बाटलीचं झाकण तिनं नेहमीप्रमाणे त्यालाच उघडायला लावलं होतं. नोकरी संपली तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणत. लोकांचे जिने चढून चढून त्याच्या गुडघ्यात संधिवात शिरला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजन उतरवा, रोज चाला, शेक घ्या. मग त्याला बाहेर बसवून त्या बायकोशी बराच वेळ बोलल्या. घरी येताच साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि तेलाची बाटली खाली आली.

पोस्टमन चालू लागला. पोट उतरलं, आणि मागोमाग गुडघाही गुपचूप बरा झाला.

इथेच पंचाईत झाली. बायको कपडे शिवायची. लग्नापासून त्यानं तिला पाहिलं ते पाठमोरं, मशीनवर वाकलेलं. आता ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत सावकाश पाय मळायची. आपल्यापायी तिनं काज-बटणांची कामंही शेजारणीला देऊन टाकली, याचं त्याला कोण कौतुक. पोस्टमन म्हातारपणी बायकोच्या प्रेमात पडला होता. गुडघा बरा झाल्याचं कळलं की सगळंच बंद. म्हणून तो फिरायला जाताना कोपऱ्यापलीकडे ताठ चालायचा आणि परत येताना घर दिसलं की लंगडायचा.

एकदा गडबडीत तो डाव्या पायानं लंगडत आला. बायको खिडकीतच उभी होती. पण तिनं निमूटपणे डावा पाय मांडीवर घेतला आणि मळायला लागली.

"त्यालाही सवय हवी," एवढंच म्हणाली.

आज मात्र ती मधेच थांबली. डोळे मिटून तिनं आपली बोटं दाबून धरली. ते बघून पोस्टमनला भडभडून आलं. आपल्या चैनीसाठी ही बिचारी हात झिजवतेय.

"अगं, एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"माझा गुडघा केव्हाच बरा झालाय. मी नुसतं नाटक करत होतो."

"माहीत आहे. बसमागे धावताना दिसला होतात."

पोस्टमननं पाय मागे घेतला. "मग रोज कशाला चोळत बसतेस?"

बायकोनं बोटं एकेक करून ताणली, मिटली आणि त्याचा दुसरा पाय ओढून घेतला.

"माझ्या बोटांतही संधिवात आहे. तुम्हाला सांगितलं की घरोघरी पोचतं आणि गिऱ्हाइकं पळतात, म्हणून बोलले नाही. डॉक्टरीणबाईंनी रोज कोमट तेलात काहीतरी मऊ मळायला सांगितलंय, आणि या घरात तुमच्या पोटरीइतकं मऊ दुसरं काही नाही. आता हलू नका."